रोझमेरीच्या भरवशावर

३ मार्च
जमली एकदाची! पाचव्या खेपेला क्रीम फाटली नाही. टिकावी म्हणून फक्त रोझमेरीचा अर्क घातलाय, बाजारातलं एकही रसायन नाही. पहिली डबी ताईला. नर्सचे हात ते — दिवसातून पन्नासदा धुवायचे, भेगा पडून रक्त येतं. तिला बजावलं, ते डॉक्टरचं मलम आजच कचऱ्यात टाक, नुसती रसायनं आहेत. हसली. "बरं, वैद्यीणबाई."

दुसरी डबी तारीख घालून फळीवर. दर खेपेची एक डबी अशी बाजूला ठेवून बघायची — ज्यांच्याकडून अर्क आणते त्या काकांची शिस्त.

९ मार्च
ताईला फोनवर विचारलं, क्रीम कशी आहे? "छान आहे गं." तिच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं. दिवसभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

१८ मार्च
फळीवरची डबी उघडली. कडेला हिरवे ठिपके, कुबट वास. तशीच घेऊन काकांकडे गेले. त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, रोझमेरीनं तेल खवट होत नाही, एवढंच. बुरशीला ती काय करणार? तुझ्या क्रीममध्ये निम्म्याहून जास्त पाणी!" विचारायचं होतं आधी. पण मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली.

ताईच्या उघड्या भेगांत पंधरा दिवस हे जातंय. फोन लावतेय. उचलत नाही.

१९ मार्च
ताईकडे गेले. तिचा उजवा हात कोपरापर्यंत सुजलाय. भेगेतून पू. भावजी म्हणाले, "दोन दिवस ताप आहे. तुला कळवू नका म्हणाली." मी रडत रडत सगळं कबूल केलं. ताई म्हणाली, "तुझ्या क्रीमनं नाही झालं." तापातसुद्धा मलाच सांभाळून घेते. स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

२१ मार्च
ताप उतरला. हात बरा होईल म्हणाले डॉक्टर. आज माझ्या पोटात दोन घास गेले.

२२ मार्च
ताईच्या कपाटातून टॉवेल काढताना मागे डबी दिसली. झाकणावरची माझी चिकटपट्टी जशीच्या तशी.

"तुझ्या हातची पहिली," ताई म्हणाली. "वापरून संपवायला जीव होईना. जपून ठेवली."

"मग हाताला काय लावत होतीस?"

"काहीच नाही. मलम तू टाकायला सांगितलंस ना."