शेळीपुढं ओरडू नका

४ नोव्हेंबर
बीडला दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोघांचेही रिपोर्ट ठीक आहेत. टेन्शननंच सगळं होतं असं नाही, पण त्यानं पाळी मागंपुढं होते, गर्भ राहायला वेळ लागतो. मन निवांत ठेवा."
नेकनूर येईस्तोवर नवरा गाडीवर ओरडत होता — "टेन्शन घेऊ नको म्हणल्या ना त्या? मग कशाला घेतीस?" बजरंग त्याचं नाव. लिहिलं! इथं कोण बघतंय?

६ नोव्हेंबर
आमची पांढरी शेळी, चांदी, गाभण हाय. आत्यांनी — म्हणजे सासूबाई सारजाबाई, आवाज पार शिवारापर्यंत जाणाऱ्या — फर्मान काढलं. गोठ्यापुढं ओरडायचं न्हाई. कुत्रं लांब बांधायचं. पत्र्याचं दार आपटायचं न्हाई. "भेदरली की शेळी गाभडती, पोटातलं टाकती. मुक्या जिवाला जपावं लागतं."
वा! लई शान्या आमच्या आत्या.

७ नोव्हेंबर
मला बोलता येतं ना, म्हणून मला जपायचं न्हाई.

१२ नोव्हेंबर
शेजारच्या विजयमालाची ओटी भरायची होती. हौसेनं नवं लुगडं नेसून गेलते. आत्यांनीच अडवलं, "तू नको पुढं होऊ. दोन घालवून बसलीस." चारचौघींत!
दुसऱ्या खेपेला मी आत रक्तात पडलेली, आणि आत्या ओसरीवर बसून गल्लीला सांगत होत्या, "हिच्या पोटात टिकतच न्हाई." शेळी असते तर गुळाचं पाणी तरी पाजलं असतं.
घरी येऊन भाकरी थापल्या. रडले बी.

२१ नोव्हेंबर
पाळी चुकली.

२६ नोव्हेंबर
पट्टीवर दोन रेघा! पट्टी लगेच चुलीत घातली.
कुणाला सांगायचं न्हाई. मागच्या खेपेला सांगितलं, तर सगळ्या बायका शिकवायला हजर — पपई खाऊ नको, वाकू नको, उंबऱ्यात बसू नको. हिच्यावर ओरडू नका, असं एकीच्या बी तोंडून निघालं न्हाई.
भीती वाटती. लई वाटती. हे मात्र मी जाऊ द्यायची न्हाई.

२९ नोव्हेंबर
कालवणात मीठ जास्त पडलं. बजरंगनं ताट भिरकावलं. लई मोठा मर्द! आत्यांचं तोंड सुरू झालं, "वांझोटी ती वांझोटी, रांधायची बी अक्कल न्हाई." मी भिंतीला टेकले.
तेवढ्यात गोठ्यात चांदी ओरडली. मायलेक एकदम गप! आत्या कुजबुजल्या, "हळू रे, ती भेदरंल."
मला हसूच फुटलं. हसता हसता पोटावर हात गेला.

३० नोव्हेंबर
माझी बाज गोठ्यात नेऊन टाकली. लेंड्यांचा वास येतोय. येऊ दे. कितीतरी दिसांनी झोप येतीय.

१ डिसेंबर
सकाळी आत्या गोठ्याच्या दारात. तोंड उघडलं, चांदीकडं बघितलं आणि आवाज खाली आणला, "कशाला निजलीस इथं? लोक काय म्हणतील?"
मी उठले बी न्हाई. म्हणलं, "मी बी गाभण हाय, आत्या. आता ओरडून दाखवा."