राउटर कपाटावरच राहील

३ मार्च, सोमवार
माझं आयुष्य ९ डिसेंबरला सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बदललं. वरच्यांचं नेट गेलं होतं. वरच्या मजल्यावरच्या तिने मला जिन्यात थांबवून आमचा वायफायचा पासवर्ड मागितला आणि तळहातावर पेनाने लिहून घेतला. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. गरजच काय? राउटरच्या ॲपमध्ये जोडलेल्या वस्तूंची यादी दिसते. आईचा फोन, बाबांचा फोन, टीव्ही, मी. आणि खाली एक 'अननोन डिव्हाइस'. रोज दुपारी दोनला येतं, चारला जातं. तीन महिन्यांत एक खाडा नाही. एवढी निष्ठा आजकाल कुठे बघायला मिळते? राउटर मी तेव्हाच कपाटावर चढवला. अँटेना छताकडे.

आज बाबांनी चार वायरलेस कॅमेरे आणले. खालून स्कूटरची बॅटरी चोरीला गेली म्हणून. म्हणाले, कॉलेज अर्धवट सोडलंस, निदान हे तरी पुरं कर. रविवारपर्यंत चारही कॅमेरे चालू झाले तर पुढची खोली तुझ्या कॉम्प्युटर रिपेअरिंगला. नाही झाले तर पुढच्या सोमवारी मामाकडे, खोक्यांच्या कारखान्यात. मामाचं गाव बसने पाच तास. इतकी रेंज कुठल्याच राउटरला नसते.

चार कॅमेरे म्हणजे एका दुपारचं काम. बाबांना म्हटलं, रविवार कशाला, उद्याच घ्या.

४ मार्च
एकही जोडला गेला नाही. कॅमेऱ्यातून एक बाई बोलते, "कनेक्शन फेल्ड, प्लीज ट्राय अगेन." सतरा वेळा. शेवटी मीही तिला सुनावलं. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, फोनवर कुणाशी इतकं उर्मटपणे बोलतोयस?

माहितीपुस्तक उघडलेलं नाही. ते ज्यांना डोकं नाही त्यांच्यासाठी असतं.

दुपारी २.०१. आली. बरं वाटलं.

५ मार्च
माहितीपुस्तक वाचलं. चुकीचं लिहिलंय.

६ मार्च
हेल्पलाइन. चाळीस मिनिटं संगीत, मग एक अतिशय नम्र माणूस. राउटर कुठे ठेवलाय, सर? कपाटावर. खाली दाराजवळ घ्या. म्हटलं, राउटर कपाटावरच राहील. मग म्हणे, राउटर रिसेट करा, नवीन नाव, नवीन पासवर्ड द्या, जुन्या सेटिंगमुळे कॅमेरे अडकतायत. म्हटलं, ते शक्य नाही. का, सर? खाजगी कारण आहे. मग विचारतो, सर, तुम्हाला कॅमेरे नक्की जोडायचे आहेत ना?

असं टोचून बोलायचं यांना ट्रेनिंग देतात. फोन आपटला. काचेला तडा. त्यालाही हेल्पलाइनच जबाबदार.

पासवर्ड बदलायचा म्हणजे तिच्या तोंडावर दार लावायचं. मी तसला माणूस नाही.

७ मार्च
शिडी, डबल टेप, चांदीचा कागद. सिग्नल वळवून खाली नेण्याची माझी स्वतःची पद्धत. फाटकावरचा कॅमेरा पुन्हा "ट्राय अगेन" म्हणाला, तेव्हा मी त्याला फक्त एक टपली मारली. टेप निकृष्ट होती. कॅमेरा शेजारच्या काकूंच्या बादलीत. बाई एकदाची गप्प झाली.

तीन उरले. बाबांना समजावलं की या घराला तीन पुष्कळ झाले. बाबा म्हणाले, कॉलेजच्या वेळीही तू तीन सेमिस्टर पुष्कळ झाली म्हणालास.

संताप. जेवलो नाही. नंतर जेवलो.

८ मार्च
इतकं साधं आधी सुचलं कसं नाही! पासवर्ड बदलायचाच. तिचं नेट तुटेल. ती विचारायला खाली येईल. मी दार उघडेन. उद्या दोनला. निळा शर्ट इस्त्री केला. वाक्य पाठ केलंय.

९ मार्च, रविवार
१.५५. दोनदा अंघोळ केली.
२.०२. ती यादीत आली. काळजावर दगड ठेवून रिसेट. नवीन नाव, नवीन पासवर्ड.
२.०६. तिन्ही कॅमेरे एका दमात जोडले गेले. योगायोग.
२.०८. टकटक. बाहेरच्या दारावर नाही, माझ्या खोलीच्या.

बाबा. वामकुक्षी सोडून. हातात तो जुना फोन, जो त्यांनी नवा घेताना दुकानात दिला असं आईला सांगितलं होतं. हळूच म्हणाले, नेट गेलं का रे? डाव अर्ध्यात अडकलाय. पत्त्यांचा. रोज दोन ते चार.

म्हणजे तीन महिने मी बाबांची वाट बघत होतो.

सावरलो. म्हटलं, आईला सांगत नाही, पण तीन कॅमेरे म्हणजे चार धरा. बाबा विचारात पडले होते. इतक्यात बाहेरून आई म्हणाली, मला कधीचं ठाऊक आहे, दुपारी घोरणं ऐकू येत नाही. झालं. चार म्हणजे चार, बाबा म्हणाले. गुरुवारीच हेल्पलाइनच्या त्या माणसाचं ऐकलं असतंस तर चारही चालले असते.

५.३०. ती फाटकात दिसली. तीन तीन पायऱ्या उड्या मारत गेलो आणि तिने न मागताच नवीन पासवर्ड सांगितला. तिला आधी कळेना. मग म्हणाली, अच्छा, तेव्हाचं होय! आमचं नेट त्याच संध्याकाळी सुरू झालं होतं. मग वर बोट दाखवून म्हणाली, तो कॅमेरा तुम्ही लावलाय का? जरा वळवा ना, आमच्या खिडकीकडे बघतोय.

वळवला.

१० मार्च, सोमवार
सकाळी ७.४०. राउटर कपाटावरून काढून दाराजवळ ठेवला. रेंज खरंच चांगली येते. ॲपमध्ये बाबांच्या जुन्या फोनला नाव दिलं. यादीत आता कुणीही अनोळखी नाही.

आईने पिशवी दिली. बाबांनी बसची वेळ तीनदा सांगितली. स्टँडपर्यंत येतो म्हणाले, मी नको म्हटलं. एकटाच बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.