त्रेसष्ट पुस्तके आणि लसीचे एक कार्ड

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय एकोणतीस, अविवाहित, लसींच्या शीतगृहात तापमान तपासणारी तंत्रज्ञ, लिहून ठेवते की हा कागद मी शुद्धीत, स्वतःच्या हाताने आणि दोनदा तपासून लिहिला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. थोरल्या बहिणीचा आहे, पण तो मालमत्तेसाठी नाही; खुलासा कलम पाचमध्ये आहे.

मी ठणठणीत असल्याचा आमच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना ते म्हणाले की बुद्धी उत्तम आहे, फक्त तिला अधूनमधून सुट्टी द्यावी. गेल्या सहा वर्षांत मी त्यांच्याकडे कॉलरा, घटसर्प, पिवळा ताप आणि दोनदा रेबीज घेऊन गेले. पाचही आजार मला पुस्तकांतून झाले होते. रेबीजच्या दुसऱ्या वेळी कुत्राही नव्हता.

याआधीची माझी तीन मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती तीन वेगवेगळ्या पुस्तकांच्या शेवटच्या प्रकरणानंतर घाईत लिहिली होती.

कलम एक. वडिलांच्या मागे राहिलेल्या घरात अर्धा हिस्सा माझा आणि अर्धा ताईचा आहे. माझा अर्धा हिस्सा माझ्या भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला द्यावा. वय तेरा महिने. घरात तिला ठमी म्हणतात. ती सज्ञान होईपर्यंत ताईने तो सांभाळावा.

कलम दोन. बँकेतली शिल्लक ठमीच्या शिक्षणाला. विषय तिने निवडावा. तिने माझा विषय निवडला, तर जेवताना गप्प कसे बसावे हे आधी शिकवावे. मला कोणी शिकवले नाही.

कलम तीन. मल्टिमीटर आणि स्क्रूड्रायव्हरचा संच माझ्या सहकाऱ्याला. त्याला सगळे कंप्रेसर म्हणतात, कारण तो काम करता करता बंद पडतो आणि कोणी ठोकले की सुरू होतो. माझा स्वतःचा थर्मामीटर साहेबांना. वार्षिक अहवालात त्यांनी माझ्या नावापुढे "विनाकारण संशयी" असा शेरा मारला. त्याच वर्षी फ्रीज क्रमांक चारच्या पडद्यावर पाच अंश दिसत होते आणि आतली लस गोठून निकामी झाली होती. ते याच थर्मामीटरने पकडले. साहेबांनी तो टेबलावर, दिसेल असा ठेवावा. शेरा मागे घेऊ नये. त्यातला एकच शब्द चुकला आहे.

कलम चार. पुस्तके त्रेसष्ट. सगळी विषाणूंवर, लसींवर आणि माणसे पटापट मरण्यावर. मांडणी मृत्युदराच्या उतरत्या क्रमाने आहे, त्यामुळे रेबीज सर्वांत वरच्या फळीवर आहे आणि सर्दीचे पातळ पुस्तक खाली, चपलांजवळ. ही सर्व पुस्तके शीतगृहाच्या प्रशिक्षणाच्या खोलीला द्यावीत. अट एकच: जेवताना कोणी मोठ्याने वाचू नये.

मी वाचत असे. भाऊजी ताट उचलून गॅलरीत जात. ताई बसून ऐकायची. मला वाटायचे, तिला आवडते. एका पुस्तकात फार जुन्या काळी लसीची एक खेप बिघडली त्याचे प्रकरण आहे. ते मी तिला वाचून दाखवले. आठवड्याने तिने ते पुन्हा वाचायला सांगितले, तेव्हा मी खूश झाले. तिला तेव्हा सातवा महिना होता. सहा वर्षांत मला श्रोता मिळाला होता, आणि श्रोत्याच्या चेहऱ्याकडे मी एकदाही पाहिले नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी भाऊजींनी करावी. गॅलरीतल्या जेवणांची भरपाई म्हणून दुसरे काही सुचत नाही.

कलम पाच. ठमीला गोवराची लस नवव्या महिन्यात द्यायची होती. ताईने आधी सर्दीचे कारण सांगितले, मग पाहुण्यांचे, मग कारण सांगणेच सोडले. गेल्या आठवड्यात मागच्या गल्लीत दोन मुलांना गोवर निघाला. मी तक्ते काढले, टक्केवारी मांडली. तिने सगळे ऐकून घेतले.

"तूच सांगितलंस ना, चारशे डोस फेकले म्हणून?"

"फेकले म्हणजे कोणालाच दिले नाहीत, ताई."

"त्या दिवशी तू होतीस. तू नसतीस तर?"

फ्रीज क्रमांक चारची गोष्ट मी घरी तीन वेळा सांगितली होती, बाटली हलवून कशी पाहिली त्याच्या अभिनयासकट. मला शाबासकी हवी होती. तिने त्यातून एवढेच घेतले, की लस बिघडते आणि ते फक्त तिच्या बहिणीला कळते.

ती म्हणाली, काही होणार नाही असे लिहून दे. तसे मला लिहिता येईना. मी शक्यता लिहून दिली, दशांश चिन्हानंतर चार आकडे. तिने कागदाची घडी घालून पाळण्याच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवली. पाळणा स्थिर झाला, एवढा त्याचा उपयोग.

काल दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली.

"आकडे राहू दे गं. तुला कशाची भीती वाटते?"

"गोवराची."

"आणि लसीची?"

"नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

त्रेसष्ट पुस्तकांतून एवढेच निघाले. ती ठमीच्या मोज्यांच्या जोड्या लावत बसली. मग म्हणाली, "मग तेच लिहून दे. टक्के नकोत. तू खोटं लिहीत नाहीस, एवढं मला ठाऊक आहे."

टक्के नसलेला एकच कागद मला लिहिता येतो, कारण त्यातली घटना नक्की घडणार असते. तो हा. ताईने तो असा वाचावा: माझे घर, शिल्लक, सगळे मी ठमीच्या नावावर केले आहे. ती माझ्यामागे असेल, मोठी असेल, किल्ली कुठल्या कुलपाची हे तिला कळत असेल, असे मी धरून चालले आहे. खात्री नसलेली गोष्ट मी धरून चालत नाही, साहेबांना विचारावे. ती नसल्यास वारस कोण, यासाठी वकिलांनी एक ओळ मोकळी ठेवायला सांगितली होती. ती ओळ मी ठेवलेली नाही.

ताईने हे सकाळी चहा घेताना वाचले आणि ठमीचे कार्ड शोधायला उठली. ते पुस्तकांच्या फळीवर, गोवराच्या पुस्तकात होते. खूण म्हणून मीच घातले होते.

सहीआधीची नोंद. लस दिल्यावर अर्धा तास थांबवतात, त्या वेळात सह्या होत आहेत. लस उष्णतेने बिघडली की रंग बदलणारी बाटलीवरची खूण मी पाहिली. परिचारिकेने मला पाहू दिली आणि विचारले की आता फ्रीजही उघडून बघायचा आहे का. मी हो म्हणाले. ठमी अकरा सेकंद रडली. ताई त्याहून जास्त. ते मी मोजले नाही.

ठिकाण: आरोग्य केंद्र, बाहेरचा बाक.
तारीख: ठमीच्या कार्डावर आजची पडली आहे तीच.

सही: (माझी, वाचता येईल अशी)

साक्षीदार पहिली: परिचारिका. आधी कार्डावर सही केली, मग इथे.
साक्षीदार दुसरा: कंप्रेसर. दोनदा हाक मारल्यावर.