आमचा घोगऱ्या

५ मार्च, गुरुवार
आजपासून रोज लिहायचं. खोलीचा विषय पेटलाय. उद्या मी काय बोललो यावरून वाद नको.

लेक बदली होऊन महिनाअखेरीला घरी राहायला येतेय. आनंद आहे. तिला मागची खोली हवीय. आनंद संपला. मागच्या खोलीत माझ्या रेकॉर्ड्स आहेत. ही म्हणते, रेकॉर्डच्या दुकानातला टकल्या सगळ्या उचलून न्यायला तयार आहे, मी विचारून आलेय. माझ्या माघारी! सांगितलं, एकही तबकडी हलणार नाही, लेक हॉलमध्ये झोपेल. ही म्हणाली, मग तुम्हीच झोपा हॉलमध्ये, तबकड्या पांघरून.

अशा बोलण्याला मी किंमत देत नाही.

६ मार्च
सगळ्या रेकॉर्ड्स पुसायच्या ठरवल्या. दोन पुसल्या. मग घोगऱ्या हातात आला.

आमचा घोगऱ्या! कव्हरवर पेटलेली मोटरसायकल, बाकी काळं. नाव परदेशी अक्षरात, वाचता येत नाही, वाचायची गरजही पडली नाही. कारखान्यात पर्मनंट झालो त्या दिवशी जुन्या बाजारातून आणली. पहिल्यांदा लावली आणि जागेवर बसलो. काय गाणारा माणूस! संथ, जड, जणू पोलादाचा गर्डर ओढत आणतोय. तेव्हाच ठरवलं, बोलायचं तर असं. माझा मूळ आवाज जरा बारीक. दुसऱ्या दिवसापासून पोटातून बोलायला लागलो. लेथ सेक्शन गप्प व्हायचा. संपाच्या वेळी गेटवर बोललो ते घोगऱ्याच्याच जोरावर. हिला पहिल्यांदा भेटलो तेव्हाही तोच आवाज लावला होता. पुढचं सगळं जमलं ते त्यामुळेच.

बाकीच्या उद्या पुसणार.

७ मार्च
पुसल्या नाहीत. प्लॅन आखत होतो.

टकल्याच्या दुकानात रविवारी लोक एकेक रेकॉर्ड घेऊन जमतात आणि ऐकतात. उद्या घोगऱ्या नेणार. हिलाही नेणार. चार जाणकार माना डोलावतील, ते हिने डोळ्यांनी बघावं. मग खोलीचं नाव काढणार नाही. हिला म्हटलं, चल. लगेच तयार झाली. म्हणजे आतून विरघळलीय.

८ मार्च, रविवार
टकल्याचं मशीन बिघडलेलं आहे. जास्त लिहीत नाही.

९ मार्च
लिहितो. सत्य कुठेतरी असायला हवं.

आधी मी उभा राहून पाच मिनिटं बोललो. पुरुषाचा आवाज कसा असावा, यावर. टकल्याने रेकॉर्ड लावली. गाणं एकदम पळत सुटलं. आणि बाई! चांगली तरणीताठी बाई, मोकळ्या गळ्याने गातेय. मी ओरडलो, अरे स्पीड चुकलाय, मोठी तबकडी म्हणजे मिनिटाला तेहेतीस फेरे, हे शेंबड्या पोराला कळतं. टकल्या म्हणाला, काका, मोठी असली तरी ही पंचेचाळीसची आहे, मधल्या लेबलवर छापलंय. एक दाढीवाला तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला. त्याला हसू आलं होतं असं म्हणतात. मला खोकला वाटला.

टकल्याला म्हटलं, लेबल छापणाराही माणूसच, चुकू शकतो.

हिचं काय, तर पाय हलत होता. तालात! घरी इतकी वर्षं घोगऱ्या लागला की ही स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. इथे टकल्याला म्हणते, परत लाव रे.

घरी येताना ही म्हणाली, एक सांगू का? तुम्ही पहिल्यांदा माझ्याशी बोललात तेव्हा मला वाटलं तुम्हाला सर्दी झालीय. लग्न झालं तरी जाईना, मग मी नाद सोडला.

११ मार्च
दोन दिवस घरी नेहमीसारखी तेहेतीसवर लावून पाहिली. कान माझे पक्के आहेत. पण आता त्या घोगऱ्याच्या पोटात बाई ऐकू येते. कोणीतरी तिचा पदर धरून मागे ओढतंय, असं वाटतं. एकदा पंचेचाळीसवर लावली. फक्त तपासायला. ठीक आहे. बरी गाते. दुसऱ्यांदा लावली ती दार बंद करून.

लेकीचा फोन आला. हिने तिला सगळं सांगितलेलं आहे. लेक म्हणाली, बाबा, खोलीचं राहू दे, आधी मला तुमचा खरा आवाज ऐकवा. आणि इतकी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला.

खोली देणार नाही. आता तर नाहीच नाही.

१२ मार्च
निश्चय: ओढूनताणून काढलेल्या बाईची नक्कल यापुढे बंद. घसा माझा, आवाज माझा. जो आहे तो. कोणाच्या बापाला भीत नाही. सकाळी हिला मूळ आवाजात चहा मागितला. तिने खिडकीतून बाहेर पाहिलं, कोण आलंय म्हणून.

सवय होईल तिला.

१३ मार्च
ही दिवसभर खोलीबद्दल एक शब्द बोलली नाही. हरली. आवाजाचा परिणाम. रेकॉर्ड्स उद्या नक्की पुसणार.

१४ मार्च, शनिवार
ही भाजी आणायला गेलेली. मोबाइल ओट्यावर विसरली. वाजला. टकल्याचं नाव. उचलला. हॅलो म्हटलं, माझ्या स्वतःच्या आवाजात, ताठ मानेने.

तो म्हणाला, काकू, काका जवळपास नाहीत ना?

नाहीत, म्हटलं.

म्हणाला, मग आपलं ठरल्याप्रमाणे, सोमवारी काका फिरायला गेले की गाडी घेऊन येतो, अर्ध्या तासात खोली मोकळी.

शिव्या तोंडाशी आल्या होत्या. चांगल्या, कारखान्यातल्या. त्या पोटातून, घोगऱ्याच्या आवाजात द्यायच्या, असंही मनात आलं. पण मग तो हिला सांगणार, ही लेकीला, आणि दोघी मिळून नवीन दिवस ठरवणार. डोकं चालवलं. म्हटलं, नको येऊस. विचार बदललाय. रेकॉर्ड्स खोलीतच राहू देत. ह्यांचा जीव आहे त्यात.

तो म्हणाला, बरं काकू, तुम्ही म्हणाल तसं, पुन्हा कधी काढायच्या झाल्या तर?

कळवते, म्हटलं.