सोपाना कोतवालाची दवंडी

कोल्हापूर,
ता. ३ डिसेंबर १९५८

ती. सौ. अयोध्यावहिनीस,
बब्रुवानचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. खिलारी जोडी चांगल्या घरी गेली हे वाचून बरं वाटलं. गजरा आता लुगडं नेसून पाण्याला जाते म्हणता, ते मात्र खरं वाटत नाही. माझी पुतणी माझ्या डोळ्यांपुढं अजून शेंबडीच आहे.

इकडची खुशाली अशी की दिवाळीत लागलेला आमचा सिनेमा अजून उतरला नाही. वहिनी, दहा वर्षं तमाशाच्या फडात सोंगाड्या म्हणून नाचलो, पण तोंडाचा रंग पुसला की कुणी ओळखायचं नाही. आता न्हाव्याच्या दुकानात बसलो तर बाहेर माणसं जमतात आणि सोपाना, सोपाना म्हणून हाका मारतात. सोपाना म्हणजे सिनेमातला दवंडी देणारा कोतवाल, तेच माझं काम. चार ठिकाणी येतो आणि जातो, पण लोकांना तोच हवाय. आमचे दिग्दर्शक आबासाहेब यांनी पुढच्या सिनेमालाही मला बांधून घेतलंय. त्यात सोपाना पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे.

एक विनंती. सोलापूरचा तंबूवाला हा सिनेमा जत्रांतून फिरवणार असं कानावर आलंय. नळदुर्गाला आला तर तुम्ही आणि गजरा खुशाल बघा. दादांना नेऊ नका. थंडीचे दिवस, तंबूत विड्यांचा धूर, त्यांचा खोकला उसळेल. काहीतरी सांगून घरीच ठेवा.

माया आहे ती अशीच राहू द्या.

तुमचा
बब्रुवान


अणदूर,
ता. १९ डिसेंबर १९५८

चि. बब्रुवान यास,
अयोध्येचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र म्या यांच्यासमोरच मोठ्यानं वाचलं. त्यामुळं विनंतीही यांनीच आधी ऐकली. छातीवर हात मारून दाखवला, खोकला गेला म्हणून. गाडीला वंगण घालून झालंय. आपले देव दरसालासारखे नळदुर्गाला गेलेत, पौष पुनवेच्या जत्रंला अर्धं अणदूर तिकडंच असणार, आणि आमी घरी बसावं म्हणतोस.

हे गिरणीत दळण टाकायला गेले तर तिथं सगळ्यांना सिनेमाची बातमी देऊन आले. यांची जीभ कशी अडते ते तुला नव्यानं काय सांगू. शेजारची सिद्धम्मा तिथंच होती. ती सांगते, लोकांनी सिताफळ म्हणून बघितलं, सिमिट म्हणून बघितलं, हे आपले मान हलवत उभे. शेवटी सिनेमा म्हणाले तेव्हा निम्म्या लोकांचं दळण होऊन गेलं होतं.

तू कशाला भितोस? पडद्यावर कुण्या बाईच्या मागं लागलायस का काय? तसं असलं तर आधी कळव, म्हणजे म्या यांचे डोळे झाकीन. चेष्टा सोड, पण तुझ्या पत्रात काहीतरी आडून बोलल्यागत वाटतंय. तू आठ वर्षांचा होतास तवा या घरात आले. तुझं खोटं मला कळतं.

औशाकडच्या एका घरनं गजरासाठी विचारणा आलीय. माघात हे स्वतः जाऊन बोलतील.

जिवाला जपून राहा, पत्राला उशीर नको.

तुझी
वहिनी


पन्हाळा,
ता. २० जानेवारी १९५९

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

शूटिंगसाठी महिनाभर इथं डोंगरावर आहोत, त्यामुळं तुमचं पत्र आज हातात पडलं. पुनव चार दिवसांवर आली. हे पत्र आधी पोचावं एवढंच मागतो.

तुम्हाला खोटं कळतं, तर खरं ऐका. दिवाळीतल्या त्या सिनेमाच्या पहिल्या दिवशी मला डफ देऊन दवंडी पिटायला सांगितली. पिटली. कुणी हसलं नाही. आबासाहेब म्हणाले, फडातला सोंगाड्या म्हणून आणला आणि हा तर तलाठ्यासारखा बोलतोय. पुन्हा दिली, तरी तसंच. मला परत फडात धाडणार हे दिसत होतं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि आतून दादा बोलायला लागले. तो मानेचा झटका, तो डावा डोळा मिटणं, हनुवटी वर करून अक्षर ओढून काढणं, सगळं तसंच. कॅमेऱ्यावरचा माणूस हसत खाली बसला. त्या दिवसापासून सोपाना तसाच बोलतो आणि लोक त्यालाच हसतात.

आई-बाप पटकीत गेले तेव्हा ज्यानं मला खांद्यावर घेऊन वाढवलं, त्याला मी गावोगाव हसायला दिलाय. वहिनी, गाडीचं चाक काढून ठेवा, पण त्यांना जाऊ देऊ नका.

पायांवर डोकं ठेवतो.

बब्रुवान


अणदूर,
ता. २९ जानेवारी १९५९

चि. बब्रुवान यास आशीर्वाद.

तुझं पत्र जत्रंनंतर तिसऱ्या दिवशी आलं. आमी जाऊन आलो होतो.

तंबू माणसांनी भरला होता. यांनी पुढं जागा धरली. तू डफ घेऊन आलास तवा यांनी मला कोपरानं ढोसलं, लई खुश होते. मग तू बोललास. सगळा तंबू हसला. हेही हसले, म्या बघितलं. मग आपल्या गावची माणसं माना वळवून यांच्याकडं बघायला लागली आणि आणखीच हसायला लागली. यांनी हात मांडीखाली घातले आणि तसेच शेवटपर्यंत बसले. गजरा रडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्या विचारलं तर म्हणाले की काम चांगलं झालंय. एवढं बोलायलाही त्यांना नेहमीपेक्षा लई वेळ लागला. राग आलाय का दुःख झालंय, मला समजत न्हाय. मला मात्र राग आलाय, तो लिहून ठेवते.

वहिनी


अणदूर,
ता. ३ मार्च १९५९

चि. बब्रुवान यास आशीर्वाद.

लिहू नये असं वाटत होतं, पण आता भीती वाटतीय म्हणून लिहिते.

हे औशाकडं पाहुण्यांकडं गेले होते, सोबत सिद्धम्माचे मालक. त्या लोकांना तुझा-आमचा संबंध ठाऊक न्हाय. चहा झाला, यांनी बोलायला तोंड उघडलं आणि मुलाचा बाप मांडीवर थाप मारून हसला. म्हणाला, पाहुणे मोठे गमतीचे दिसतात, सिनेमातल्या कोतवालाची नक्कल झकास करतात. हे सांगायला गेले की ही नक्कल न्हाय, माझं बोलणंच असं आहे. जितकं सांगायला जावं तितकी घरातली माणसं हसायची. दाराआडून बायकाही. शेवटी मुलाच्या बापानं सांगितलं की आता पुरं झालं, सरळ बोला. यांनी पटका उचलला आणि निघून आले.

बब्रू, ते स्वतःचीच नक्कल करतात म्हणून हसू झालं. जन्मापासूनचं त्यांचं बोलणं, ते आता तुझं झालं.

त्या दिवसापासून घरात एक शब्द बोलले न्हाईत. बैलबाजारात जातात, तिथं रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो, बोलायची गरज पडत न्हाय. घरी हातानं खुणा करतात. गजराला हाक मारायची तर भांडं वाजवतात. रस्त्यात पोरं मानेला झटका देऊन पळतात. आधी यांना राग यायचा, आता तोही येत न्हाय, त्याचीच मला भीती वाटते.

तू सुखरूप असावास.

वहिनी


कोल्हापूर,
ता. १४ मार्च १९५९

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र घेऊन तसाच आबासाहेबांकडं गेलो. सांगितलं की नव्या सिनेमात सोपाना सरळ बोलेल. ते चिडले नाहीत. करून बघ म्हणाले. दोन दिवस तसं काम केलं. सगळे उभे होते आणि कुणाच्या तोंडावर हसू नव्हतं. मग त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं की लोक अडखळणाऱ्या सोपानाला बघायला येणार, तुला जमत नसेल तर दुसरा नट ते करील, बोलणं आता सगळ्यांना पाठ झालंय.

वहिनी, मी सोडलं तरी ते थांबत नाही. दुसरा कुणी करणार, आणि त्यानं दादांना पाहिलेलंही नसणार. डोकं चालेनासं झालंय. काम टाकून अणदूरला यावं असं वाटतं. दादा मला दारात उभं करतील का, तेवढं विचारून कळवा. खुणेनं सांगितलं तरी चालेल.

बब्रुवान


अणदूर,
ता. २ एप्रिल १९५९

चि. बब्रुवान यास बलभीमचे अ. आ.

तुझ्या वहिनीनं पत्र वाचून दाखवलं. उत्तर मी लिहितो असं तिला खुणेनं सांगितलं. मी कधी पत्र लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे. तिसरीतून शाळा सोडली कारण मास्तर पाढे तोंडी विचारायचे. लिहिता येतं. आज लिहिताना वाटतंय की आधीच लिहायला हवं होतं, इथं कुणी मधे बोलत नाही.

काम टाकून येऊ नकोस. तंबूत मी हसलो ते खरं हसलो. नक्कल बिनचूक होती. माझा डावा डोळा मिटतो हे मलाही माहीत नव्हतं. तू लहानपणी माझ्यासमोर हनुवटीखाली मूठ धरून बसायचास आणि माझं पुरं होईपर्यंत थांबायचास. घरात, गावात, एवढं कुणी थांबलं नाही. तू थांबलास म्हणून तुला हे आलं. दुसऱ्या नटाला ते येणार नाही, म्हणून दुसऱ्याला देऊ नकोस.

मला लागलं ते वेगळंच. तुझा सोपाना चार वेळा बोलायला लागतो. चारही वेळा पाटील तरी मधे बोलतो, पोरं तरी ओरडतात, नाहीतर माणसं हसतात आणि तिथंच संपतं. त्याला काय सांगायचं होतं ते कुणालाच कळत नाही. मी शेवटपर्यंत वाट बघत बसलो होतो की हा एकदा तरी पुरं बोलेल.

औशाला माझंही तेच झालं. मला एवढंच सांगायचं होतं की पोरगी चौथी पास आहे.

जमलं तर त्याला एकदा पुरं बोलू दे. लोक हसले तर हसू देत. पण त्याचं वाक्य त्याला संपवू दे.

बैल बरे आहेत. तुझी आठवण रोज होते. तब्येतीला जप, आणि असाच मोठा हो.

बलभीम


कोल्हापूर,
ता. १० ऑक्टोबर १९५९

ती. दादा व ती. सौ. वहिनी यांस सा. न. वि. वि.

सिनेमा पुरा झाला. दिवाळीत लागेल. मला झोप नाही, म्हणून लिहितो.

शेवटी तळ्याचा बांध फुटायला आलाय आणि सोपाना गावाला उठवायला येतो असा भाग आहे. त्यात तो अडखळायचा, लोक हसायचे आणि पाटलाचा मुलगा पुढं होऊन ओरडायचा असं लिहिलं होतं. मी आबासाहेबांना म्हणालो की एकदा सोपानालाच सांगू द्या. ते म्हणाले, बांध फुटून जाईल तरी तुझं संपायचं नाही. मी हट्ट धरला. एकदाच, म्हणाले.

दादा, मी घाई केली नाही. तुम्हाला लागतो तेवढा वेळ घेतला. संपलं तेव्हा कॅमेरा चालूच होता, बंद करायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. आबासाहेब संध्याकाळी एवढंच म्हणाले की ठेवतो, पण पुण्यात लोकांनी खुर्च्या मोडल्या तर हे तुझं शेवटचं काम.

यावेळी जाऊ नका असं लिहीत नाही. जा असंही लिहायची छाती होत नाही.

बब्रुवान


अणदूर,
ता. २२ जानेवारी १९६०

चि. बब्रुवान यास अयोध्येचे अ. उ. आशीर्वाद.

पुण्यात खुर्च्या शाबूत राहिल्याचं तू कळवलं होतंस, तरी जत्रंतल्या तंबूत शिरताना म्या यांना परत चला म्हणून बघितलं. यायचं यांनीच ठरवलं. यावेळी मागं बसलो.

बांधाचा भाग आला. तू आलास, तोंड उघडलंस आणि तंबू हसला. मागची पोरं तर ओरडायला लागली. तू थांबला न्हाईस. पहिलं अक्षर निघेना, दुसरं निघेना, आणि हसणं हळूहळू बसत गेलं. मग कुणीतरी पोरांना दटावलं. पुढं एक म्हातारा उठून उभा राहिला, जणू बांध तिथंच आहे. तू पुरं बोललास तवा तंबूत कुणी खोकलंही न्हाय. यांनी पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं.

गावानं एका दिवसात रूप बदललं असं न्हाय. पोरं अजून झटके देतात. पण गिरणीत यांनी काही मागितलं तर माणसं आता सिताफळ, सिमिट करत न्हाईत, थांबतात. हे पुन्हा बोलायला लागलेत. तेर गावाहून गजराला बघायला पाहुणे आले, त्यांच्याशी हेच बोलले. म्या दाराआड तोंडात पदर कोंबून बसले होते, मधे शब्द जाऊ नये म्हणून. पाहुण्यांनी ऐकून घेतलं. पोरगी चौथी पास आहे हे त्यांना कळलं. वैशाखात लग्न धरलंय, तुला आठ दिवस आधी यायचंय.

आता तुला एक सांगते, हसू नकोस. लग्न होऊन आल्यापासून जेवताना हे ठे म्हणायला लागले की म्या ठेचा वाढत आले. यांना ठेचा लई आवडतो असं सगळ्या गावाला सांगितलं. परवा जेवताना पुन्हा ठे म्हणाले. हात ठेच्याकडं गेला होता, तो म्या मागं घेतला आणि थांबले. लई वेळ लागला. ते म्हणाले, ठेव ते, तूही बस जेवायला.

लोभ आहेच, तो राहू दे. लवकर ये.

तुझी
वहिनी