गेले कोणी बांधावे, याविषयी

मी, मालिनी श्यामकांत साबडे, वय एकोणसत्तर, राहणार लुडविग्सहाफेन, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. केमोने केस नेले, अक्कल शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा सून फोलाके हिला द्यावा. पती श्यामकांत यांना कायद्याने टाळता येत नाही तेवढाच वाटा मिळावा.

२. कारण असे. मुलगा ओजस याच्या लग्नाआधी फोलाकेच्या माहेरहून, लागोसहून, निळे कापड आले. त्यांच्यात घरचे सगळे लग्नात एकाच कापडाचे कपडे घालतात. म्हणजे त्यांनी आम्हाला घरचे मानले होते. सोबत माझ्या डोक्याला बांधायचे कडक वस्त्र होते. त्याला गेले म्हणतात. "गेले? कोण गेलं?" असे म्हणून यांनी ते तळघरात रंगाच्या डब्यांखाली अंथरले. लग्नाला आम्ही गेलो नाही.

३. गेल्या वर्षी मी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला निघाले, तेव्हा हे म्हणाले, "असं टक्कल घेऊन येऊ नकोस. लोक विचारतील." हे एकटे गेले. ओजसकडून कळताच फोलाके नेकारसुल्महून आली, न बोलावता. स्वतःचे गेले काढून माझ्या मागे उभी राहिली. चुण्या घालताना जर्मनमध्ये म्हणाली, "मान वर, आई. मी झाकायला बांधत नाहीये. आमच्याकडे हे बांधून बाई आली की लोक सरकून जागा देतात." 'आई' तेवढे मराठीत.

४. पैठण्या नात अवनीला. मंडळाच्या विभावरीताईंना एकही नको. त्या दिवशी गणपतीत माझे गेले बांधलेले डोके पाहून त्यांनी "फॅन्सी ड्रेस का?" असे विचारले होते.

५. अंत्यसंस्काराआधी गेले फोलाकेनेच बांधावे. श्यामकांत यांनी समोर बसून पाहावे. बोलू नये.

६. सगळा दोष यांच्यावर टाकून मी सुटत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी ओजसचा फोन आला होता. "आई, तू एकटी ये. मी न्यायला येतो." हे तेव्हा घरात नव्हते. मला अडवणारे कोणीच नव्हते. मी "बघू" म्हणाले, फोन ठेवला आणि भांडी घासली. फोलाकेने याबद्दल कधी विचारले नाही. तिने विचारावे म्हणून मी थांबून राहिले. माफी मी अजून मागितलेली नाही. घर देऊन ती मागता येत नाही, हे मला समजते.

इथल्या कायद्याला साक्षीदार लागत नाहीत, मला हवेत.

साक्षीदार: शुभा दामले, कादंबरी राजवाडे
सही: मालिनी साबडे
लुडविग्सहाफेन, १४ ऑक्टोबर २०२४