काकवीचा वास

प्रिय भावा,

तुला काय म्हणून हाक मारावी, इथंच पेन अडलं. बारशाआधीच गेलास, म्हणून घरात तुझा उल्लेख 'ते गेलेलं' एवढाच व्हायचा. तोही क्वचित, आणि लगेच कुणीतरी चहाचं विचारायचं. आज लिहायला बसले, कारण दुपारी आपल्या घरच्यांच्या रक्ताचे रिपोर्ट आले. त्यात तुझा कुठं उल्लेख नाही. पण ओळ न् ओळ तुझ्याबद्दलच आहे!

तू आलास तेव्हा मी दुसरीत होते, दादा पाचवीत. ऐन गळिताचे दिवस. ढोकीच्या साखर कारखान्याकडून वारा सुटला की आपल्या गावात दोरीवरच्या कपड्यांनासुद्धा गोडसर वास यायचा. तुझे लंगोट वाळत घालायचं काम माझं. एकदा एक ओला लंगोट उचलताना मी आईला म्हणाले, "आई, बाळाच्या लंगोटाला काकवीचा वास येतोय."

काकू खो-खो हसली. "कारखान्यापाशी जल्मलंय ते. मग काय गुलाबाचा येनार व्हय?"

सगळे हसले. मीही हसले. तो वास वाऱ्याचा नाही, तुझाच आहे, हे कुणाच्या ध्यानात येणार? तू तिकडं भूमच्या माळावर जन्मला असतास, जिथं ऊस बघायलाही लांब जावं लागतं, तर कुणी थबकलं असतं का रे? आणि थबकलं असतं, तरी त्या काळी तुला घेऊन जायचं कुठं?

मग तू दूध घेईनासा झालास. बायका कापसाच्या बोळ्यानं पाजायला बघायच्या आणि तू तोंड फिरवायचास. थोड्याच दिवसांत गेलास. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. बायका म्हणाल्या, आईचं दूध बाधलं. आईनं दोन्ही ऐकलं, पण तिच्या मनात राहिलं ते बायकांचंच.

आता एवढ्या वर्षांनी हे का निघालं, ते सांगते. माझा सुमित आणि दादाची प्राजक्ता, दोघांनी लग्न करायचं ठरवलंय. आपल्याकडं मामाची मुलगी करणं नवं नाही. बाबांनीही मामाचीच मुलगी केली, ती आपली आई. त्यामुळं सगळे खूश. सुपारी फोडायचा दिवसही धरला होता.

प्राजक्ता धाराशिवला नर्सिंग शिकते. त्या रविवारी आईजवळ शेंगा फोडत बसली होती. मधेच म्हणाली, "आजी, ते बाळ कशानं गेलं गं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता! आई शेंगा फोडतच राहिली. विषय हलका करायला म्हणून मी लंगोटाची ती गंमत सांगितली. प्राजक्ताच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आत्या, वास कपड्याचा होता का लघवीचा?"

मी आईकडं पाहिलं. आई हळूच म्हणाली, "त्येच्या मुताचाच. कानातल्या मळालाबी यायचा. मी कुनाला बोलले न्हाय."

तेव्हा कळलं, की लघवीला जळक्या साखरेसारखा वास येणारा एक दुर्मीळ आजार असतो. दुधातल्या प्रथिनांचा काही भाग बाळाच्या शरीराला मोडता येत नाही, तो साठत जातो आणि मेंदूला इजा करतो. आई आणि वडील, दोघांकडून एकेक दोष आला तरच तो होतो. ज्यांच्याकडं एकच आहे ते ठणठणीत असतात, त्यांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. हे सगळं सांगून झाल्यावर प्राजक्ता म्हणाली, "सुमितमध्ये आणि माझ्यामध्ये, दोघांतही ते असलं तर?"

लग्न तिथंच थांबलं.

दादा वैतागला. "लगीन हाय का रक्तदान शिबिर? पत्रिका जुळवून झाली, आता रगत जुळवा!" पण रात्री जेवताना त्यानंच विचारलं, "तपासतेत कुठं हे?"

धाराशिवच्या बालरोगतज्ज्ञांनी नीट समजावलं. पूर्वी असली तपासणी म्हणजे मोठ्या शहरातल्या मोठ्या लोकांचं काम होतं. आता पुण्याची एक प्रयोगशाळा ती स्वस्तात करते. लग्नात आपण आहेराच्या ज्या साड्या घेतो आणि कुणीच नेसत नाही, त्याहून कमी खर्चात! मात्र सुरुवात आईपासून करायची. तुझ्या रक्ताचा थेंबही कुणी राखलेला नाही, बाबाही नाहीत. दोष नेमक्या कुठल्या जागी आहे ते आईच्या रक्तातच सापडणार. बाबा तिच्या आत्याचे मुलगे, म्हणून त्यांच्याकडचाही बहुधा तोच. ती जागा एकदा कळली की बाकीच्यांची फक्त तेवढीच बघायची, म्हणून खर्च कमी.

आणि आईनं हात मागं घेतला.

"मी देनार न्हाय. माज्या रगतात निघंल, मग समदे म्हनायला मोकळे, हिनंच खाल्लं लेकरू."

प्राजक्ता तिच्यापुढं जाऊन बसली. "आजी, एकटीच्यानं ते होतच नाही. आजोबांकडूनही यावंच लागतं."

"ह्यांच्याकडनंबी?" आईनं तिला ते दोनदा सांगायला लावलं. मग भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडं चांगलं निरखून पाहिलं. "मला तर कधी बोलले न्हाईत!"

हसावं का रडावं, कळेना. तोवर आईनं बोट पुढं केलं होतं.

जाड कागदाच्या कार्डावर आमच्या रक्ताचे थेंब घेतले. ते सावलीत वाळवून पाकिटातून पाठवायचे होते. "एवढंच? साखर बघतेत तेवढंच?" म्हणत आई त्या कार्डांवर माशी बसू नये म्हणून पदरानं वारा घालत बसली. रक्ताच्या वाळल्या डागात एका घराण्याची गोष्ट राहते, हे मला अजून खरं वाटत नाही. तुझी गोष्ट इतकी वर्षं आईच्या अंगात हिंडत होती आणि आपण ती कुठं कुठं शोधत होतो! दृष्टीत, दुधात, नशिबात.

तर ऐक. आईकडं तो दोष आहे. माझ्याकडंही आहे. दादाकडं नाही, आणि प्राजक्ताकडंही नाही. म्हणजे सुमितकडं असला तरी त्याच्या आणि प्राजक्ताच्या लेकरांना तुझा आजार होण्याची भीती जवळजवळ नाही. नात्यातल्या लग्नात दुसरं काही निघणारच नाही असं नाही, हेही डॉक्टरांनी सांगून ठेवलं. पण आज फोनवर दादानं आधी सुपारीचा दिवसच विचारला. सुमितनं तर रिपोर्ट मला तीनदा वाचायला लावला.

आनंदाच्या गडबडीत आई कोपऱ्यात बसून होती. मग म्हणाली, "माजं दूध नासलेलं नव्हतं मंजी?"

"नाही गं आई. त्याच दुधावर दादा आणि मी वाढलो. त्याला फक्त ते पचत नव्हतं."

"तरी तोंड फिरवायचं बघ," आई म्हणाली. "त्येला कळत व्हतं. आमालाच न्हाय कळलं."

मग कुणी न विचारता ती पुन्हा बोलली. "त्येच्या कानाच्या पाळ्या तुज्यावाणी व्हत्या. जाड." माझा हात आपोआप कानाकडं गेला. तुझ्याबद्दलची पहिलीच गोष्ट कळली, जी तुझ्या मरणाची नाही!

भावा, तुला शब्द देते. आपल्या भावकीत सोयरीक जुळायला लागली की तुझं सगळं मी आधी सांगणार, कुणाला आवडो न आवडो. आणि आईला रोज एक तरी प्रश्न विचारणार. तू रडायचास कसा? झोपेत हसायचास का? मूठ उघडायचास का कधी? ती आहे तोवर सगळं विचारून घेते.

उद्याचा प्रश्न काढून ठेवलाय.

तुझी ताई,
सुनंदा